चिमटा, फास आणि माझा खोकला

त्या चाचणीत मी एकूण एकोणीस वेळा खोकले. सर्दी नव्हती, दमा नव्हता, सिगारेट तर मी आयुष्यात ओढलेली नाही. तरी खोकले, आणि दर वेळी ठरवून खोकले. लोक म्हणतात, झाल्या गोष्टी उगाळू नयेत. मी उगाळणार. गप्प बसण्याचाच आता मला वीट आलाय.

मी इर्मिना. पोलंडमध्ये सान नदीकाठच्या आमच्या छोट्या गावातल्या इस्पितळात, कोलोनोस्कोपीच्या खोलीत, सव्वीस वर्षं सिस्टर आहे. माणसाच्या मागच्या वाटेने दुर्बीण आत जाते, मोठ्या आतड्याचं दुसरं टोक गाठते आणि परत येताना डॉक्टर भिंती न्याहाळत येतात. भिंतीवर मसुरीच्या दाण्याएवढा मांसाचा कोंब दिसला की तो काढायचा. त्यालाच पॉलिप म्हणतात. आज तो गरीब असतो, पण राहू दिला तर काही वर्षांनी त्यातलाच एखादा कॅन्सर होऊन बसतो. म्हणून काढायचा, आणि मुळासकट काढायचा. तण वरच्यावर खुडलं तर काय होतं, ते मी सांगायला नको.

भूल देणारा डॉक्टर आमच्याकडे फक्त मंगळवारी येतो. बाकीच्या दिवशी पेशंट टक्क जागा. कुशीवर पडून समोरच्या पडद्यावर स्वतःचंच आतडं बघत असतो. कुणी कण्हतं, कुणी ‘येशू, मारिया’ करतं, कुणी मला शिव्या घालतं. मीही काही ऐकून घेत नाही. ख्रिसमसनंतरचा महिना तर विचारूच नका. तपासणीआधी खसखस खाऊ नका म्हणून चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण खसखशीच्या रोलशिवाय आमच्या लोकांचा सण होतोय कसला! मग आतड्याच्या भिंतीभर त्या काळ्या खसखशीचे ठिपके, आणि मी पाणी मारत उभी.

डॉक्टर सेवेरिन मालेत्स आमचे विभागप्रमुख. ही खोली त्यांनीच उभी केली. त्याआधी लोकांना तपासणीसाठी दोन तास बसने जावं लागायचं, म्हणून लोक जायचेच नाहीत. माझी आई शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा दर रविवारी चर्च सुटलं की हा माणूस वीस किलोमीटर गाडी हाकत आमच्या खेड्यात यायचा. फी नाही, काही नाही. जाताना आंबवलेल्या अळंब्यांची एक बरणी तेवढी न्यायचा, तीही आईचं मन मोडू नये म्हणून. हे विसरले असते तर मी माणूस कसली?

साठी उलटली आणि डॉक्टरांच्या नजरेला काहीतरी झालं. आंधळे नाही झाले. पेपर वाचायचे, गाडी चालवायचे. पण गुलाबी भिंतीवर गुलाबी तुकडा मागे राहिला तर तो त्यांना दिसेना. ते सगळं काम चिमट्याने करत. चिमटा म्हणजे लांब तारेच्या टोकाला मुंगीच्या जबड्यासारखी दोन पाती. त्याची मूठ माझ्या हातात. डॉक्टर म्हणाले “घ्या”, की मी पाती मिटायची, पॉलिपचा एक घास तुटून यायचा. दोन घास, तीन घास, की संपलं. पण काही वेळा नसायचं संपलेलं. कडेला फुटकळ काहीतरी राहिलेलं मला दिसायचं आणि डॉक्टर म्हणायचे, “साफ.”

विभागप्रमुखाला जाग्या पेशंटसमोर ‘डॉक्टर, राहिलंय’ म्हणायचं? बिशपला प्रवचनात अडवण्यापैकीच ते. आमच्याकडे होत नाही. म्हणून मी म्हणायचे, “चिमटा उघडाच ठेवलाय, डॉक्टर.” पेशंटला वाटायचं, ही यंत्राबद्दल काहीतरी बोलतेय. डॉक्टर थांबायचे, पाण्याचा फवारा मारायचे, जवळ जाऊन बघायचे आणि आणखी एक घास घ्यायचे. सहा वर्षं असं चाललं. आम्ही दोघं यावर कधी एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, त्यांना ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग डॉक्टर किंगा व्रोना आल्या. तिशीतल्या, वॉर्सात शिकलेल्या, बोलायला फटकळ, हाताने हलक्या. त्या फासाच्या बाजूच्या. फास म्हणजे बारीक तारेचा गोल. तो पॉलिपच्या गळ्यात टाकायचा, आजूबाजूची थोडी चांगली कातडीही आत घ्यायची, आणि सिस्टरने आवळायचा. वीज नाही, चटका नाही, कच्चकन एकच तुकडा खाली.

“चिमट्याने काढणं म्हणजे केक चमच्याने खाणं, डॉक्टर,” किंगा पहिल्याच आठवड्यात मालेत्सांना म्हणाल्या. “बशीला काहीतरी चिकटून राहणारच.”

“मी बशी चाटून खातो,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या फासाने कापलेला तुकडा मात्र निम्म्या वेळा पाण्यात वाहून जातो. मग तपासायला काय पाठवणार, पाणी?”

“निम्म्या वेळा? डॉक्टर, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!”

मी इकडे जीव मुठीत धरून उभी. त्यांच्याशी असं कुणी बोललेलं मी ऐकलंच नव्हतं. पण डॉक्टर हसले. म्हणाले, “मग करू या तुलना. रीतसर.”

रीतसर म्हणजे अशी. छोटा पॉलिप सापडला की मी एक बंद लिफाफा फोडायचा. आत चिठ्ठी, चिमटा किंवा फास. जे निघेल त्यानेच काढायचं, दोन्ही डॉक्टरांनी. डॉक्टर ‘साफ’ म्हणाले की जखमेच्या कडेचे दोन बारीक तुकडे वेगळ्या बाटलीत घालून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे कुणाला माहीत नसणार चिमटा होता की फास. कडेच्या तुकड्यात पॉलिप सापडला, तर मागे राहिला होता. पेशंटला परत बोलवायचं आणि उरलेलं काढायचं. एकशे वीस पॉलिप झाले की आकडे मांडायचे.

आणि किंगांनी भिंतीवर एक कागद डकवला. “साफ आहे की नाही हे फक्त डॉक्टर ठरवतील. सिस्टरने काहीही सुचवू नये.”

“सिस्टर, रागावू नका हं,” त्या मला म्हणाल्या. “तुमची नजर घारीची आहे, मला माहितेय. पण प्रत्येक इस्पितळात इर्मिना नसते ना? आपल्याला हत्यारांची परीक्षा घ्यायचीय.”

मी म्हटलं, “मी कशाला रागावू? तोंडाला कुलूप लावते.”

पहिल्याच सोमवारी चिठ्ठी निघाली चिमट्याची. पेशंट एक सुतार, डॉक्टर मालेत्स. तीन घास घेतले आणि म्हणाले, “साफ.” नव्हतं साफ. डाव्या कडेला तांदळाच्या कणीएवढं राहिलं होतं, मला लख्ख दिसत होतं. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. हा आकडा त्यांच्या नावावर जाणार, मग दुसरा, मग तिसरा, आणि दीड वर्षाने सगळ्या जिल्ह्यासमोर फळ्यावर लागणार की मालेत्सांना आता दिसत नाही. ज्या माणसाने या गावाला कोलोनोस्कोपी दाखवली त्याच्या हातातून ती काढून घेणार. आणि आकडे लिहून ठेवणारी कोण? तर मी.

मी खोकले.

डॉक्टर थांबले. पाणी मारलं. जवळ गेले. आणखी एक घास घेतला. “आता साफ,” म्हणाले. आणि झालं होतं खरंच.

आता खरं सांगते, कारण इथे खोटं बोलून काय मिळवायचंय. मी मनाला समजावलं की हे मी पेशंटच्या भल्यासाठी करतेय. साफ खोटं होतं ते. पेशंटचं भलं त्या दुसऱ्या बाटलीत होतंच की! काही राहिलं असतं तर प्रयोगशाळेने पकडलं असतं आणि पेशंट परत आला असता. माझा खोकला पेशंटसाठी नव्हता. तो डॉक्टरांसाठी होता. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला चावायचं?

सतरा वेळा चिमट्याला खोकले, दोनदा फासाला. किंगा काम करत असल्या की खोकायची गरजच पडायची नाही, त्यांना सगळं दिसायचं. एकदा त्या खोलीत असतानाच मी डॉक्टरांच्या वेळी खोकले, तर म्हणाल्या, “सिस्टर, छातीचा फोटो काढून घ्या बाई. किती दिवस चाललंय हे?” आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर खोकल्याचं औषध ठेवून गेल्या. मी ते घरी नेलं आणि मोरीत ओतलं. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

ऑक्टोबरात डॉक्टरांचा नामदिवस असतो, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस, त्या दिवशी आकडे मांडले. कॉफी, सफरचंदाचा केक, खिडकीत शेवंतीची कुंडी. किंगांनी कागद वाचला. फासाच्या साठांत तीन ठिकाणी राहिलं होतं. चिमट्याच्या साठांत चार. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

“मी जे वाचलंय, त्यात सगळीकडे चिमटा मागे पडतो,” किंगा कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “आपल्याकडेच कसा नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.”

“पाणी नाही, हात,” डॉक्टर म्हणाले. “लिहिणाऱ्यांकडे माझा हात नाही.” सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी केकच्या बशा गोळा करायला लागले. किंगा प्रामाणिक. वाद हरल्या तर हरल्या, आकड्यापुढे त्यांनी मान तुकवली. निबंध लिहिला, वर डॉक्टरांचं नाव, खाली त्यांचं, आणि शेवटी आभारात माझं. संचालकांनी तेवढंच वाचलं जेवढं त्यांना हवं होतं. लहान पॉलिपला चिमटा पुरतो आणि तो स्वस्त आहे. नवीन वर्षापासून फास फक्त मोठ्या पॉलिपसाठी, असा कागद निघाला.

आणि जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून मी घसरले. उजवं मनगट मोडलं. आठ आठवडे प्लास्टर.

किंगा तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी क्राकोव्हला, ईस्टरपर्यंत येणार नव्हत्या. माझ्या जागी शस्त्रक्रियेच्या विभागातून ओल्गा आली, चोवीस वर्षांची पोर. चाचणी संपलेली, त्यामुळे कडेच्या तुकड्यांची दुसरी बाटलीही बंद. आता डॉक्टर साफ म्हणाले की साफ. मी घरी खिडकीत बसून बर्फ बघायचे आणि माझ्या जिवाला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी ओल्गाला फोन लावला. हे बघ, डॉक्टरांना दिसत नाही, राहिलेलं दिसलं तर बोल, एवढं सांगायचं होतं. एवढंच!

“बोला ना, सिस्टर,” ओल्गा म्हणाली. “काही विशेष?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना चहात लिंबू लागतं. साखर नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “आणखी काही?”

“नाही. आणखी काही नाही.”

मार्चमध्ये कामावर परत आले. ओल्गाला विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, “एकदम! डॉक्टर किती भराभर करतात! दोन वाजता मोकळे.” आम्हाला कधी चार वाजायच्या आत सुटका नव्हती. का भराभर झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. तरी नोंदवही उघडून बघितली नाही. बघितली असती तर काहीतरी करावं लागलं असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, मी डोळे मिटून हातमोजे घातले आणि पहिल्या पेशंटला आत घेतलं.

यानंतर जवळजवळ चार वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले, तरी सोमवारी यायचे. किंगा आता प्रमुख.

नोव्हेंबरात अपोलोनिया आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने मुलांना जेवू घातलं. गावातली अर्धी पोरं तिच्या हातचं बीटचं सूप पिऊन मोठी झालीत, माझा मुलगाही त्यातलाच. आमचं सख्य तेव्हापासूनचं. चौसष्ट वर्षांची धट्टीकट्टी बाई, आता गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

“रक्त जातंय गं,” ती कपडे बदलताना म्हणाली. “पण मूळव्याध असणार. मागे तपासलं तेव्हा डॉक्टर मालेत्स म्हणाले होते, साफ आहे, पाच वर्षांनी या. मी आपली एक वर्ष आधीच आले, शहाण्या मुलीसारखी.”

“तू आणि शहाणी!” मी म्हटलं. ती हसली आणि माझा हात धरून कुशीवर वळली.

किंगा दुर्बीण आत नेत होत्या. डाव्या वळणाशी पोचल्या आणि हात थांबला. पडद्यावर जे होतं ते काय आहे हे मला विचारायची गरज नव्हती. अर्धी वाट अडवून बसलं होतं. अपोलोनिया पडद्याकडे बघत म्हणाली, “ते काय गं, इर्मिना? माझ्या सुपात चुकून पडलेल्या बिटासारखं दिसतंय.” किंगा आणि मी, दोघीही हसलो नाही, तेव्हा तिने माझा हात घट्ट आवळला.

नंतर किंगांनी जुना रिपोर्ट काढला. तेवीस जानेवारी. डाव्या वळणावर चार मिलिमीटरचा पॉलिप, चिमट्याने काढला, साफ. आणखी कुठे काही नाही. मदतीला ओल्गा.

“नेमकी तीच जागा,” किंगा म्हणाल्या. “नवीनही असू शकेल. पण मला नाही वाटत. राहिलेल्यातून वाढलंय.” मग मान हलवली. “पण चिमट्याने आपल्याकडे राहत नाही ना. आपणच तर सिद्ध केलं.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी त्याच दुपारी डॉक्टर मालेत्सांच्या घरी गेले. ते मागच्या अंगणात मधमाश्यांच्या पेट्यांवर थंडीसाठी गवत अंथरत होते. मी कोट न काढताच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. अपोलोनिया, डावं वळण, तेवीस जानेवारी. आणि मग म्हटलं, “डॉक्टर, चाचणीत मी खोकायचे. तुमचं राहिलं की खोकायचे. ते आकडे खोटे आहेत.”

त्यांनी गवताची पेंढी खाली ठेवली.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“खोकला. आधी तो चिमटा उघडा असायचा, मग खोकला आला. इर्मिनाबाई, मला दिसत नव्हतं, ऐकू तर येत होतं ना? तुम्ही खोकला नाहीत की मी साफ म्हणायचो. तुमच्यासारखे डोळे गावात दुसरे नाहीत. मी त्या डोळ्यांवर चालत होतो.”

मी एका रिकाम्या पेटीवरच बसले. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळत होते, त्यांना न कळू देता. आणि ते निवांत माझ्याकडून सांभाळून घेत होते!

“आणि मी नव्हते तेव्हा?” मी विचारलं. “ते आठ आठवडे?”

त्यांनी पेंढी पुन्हा उचलली आणि तशीच हातात धरली.

“तेव्हा कुणी खोकत नव्हतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, बरं चाललंय.”

“बरं चाललंय!” माझा तोल गेला. “अहो, तिला काय माहीत खोकायचं असतं ते! दिसत नव्हतं तर हात का घातलात? तपासण्या थांबवायच्या होत्यात! किंगांना बोलवायचं होतंत! कबूल करायचं होतंत! ते काही नाही, त्या पोरीला शेजारी उभं करून दोन वाजता घरी जात होतात!” सव्वीस वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही.

ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, “सगळं खरं आहे. मला वाटलं, कबूल केलं तर मी कोण उरतो? म्हातारा मधमाश्यांवाला.” आणि मग, रागाने नाही, अगदी हळू, “तुम्ही ओल्गाला सांगितलं होतंत का?”

“फोन केला होता,” मी म्हटलं.

“काय सांगितलंत?”

मी सांगितलं काय सांगितलं ते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किंगांसमोर बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलले. खोकल्याच्या औषधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मग उठल्या आणि स्वतः नोंदवही काढली. त्या आठ आठवड्यांत चिमट्याने पॉलिप काढलेले एकतीस लोक होते. “सगळ्यांना बोलवा,” त्या म्हणाल्या. “आणि सिस्टर, कारण खरं सांगा.” निबंध मागे घ्यायचं पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. डॉक्टर मालेत्सांनी त्यावर सही केली आणि परत सोमवारी आले नाहीत. मला वाटलं होतं नोकरी जाईल. चौकशी चालू आहे, जाईलही. किंगा माझ्याशी आता कामापुरतं बोलतात.

अपोलोनियाचं ऑपरेशन जिल्ह्याला झालं. आतड्यातलं काढलं, पण यकृतात पोचलं होतं. ईस्टरआधीच्या उपासांत तिला घरी आणलं. मी रोज कामावरून सुटले की जायचे, सूप भरवायचे, चादर बदलायचे. आठवडाभर जीभ रेटली नाही. बोलावलेल्यांना सगळ्यांना सांगितलं, टेलिफोनवर अनोळखी माणसांना सांगितलं, आणि हिच्यापुढे मात्र चमचा धरून बसत होते. शेवटी एका गुरुवारी सांगितलं. सगळं. खोकला, चाचणी, मनगट, फोन, लिंबू.

तिने सूप बाजूला सारलं.

“बाकीच्यांना बोलावलंत?” तिने विचारलं.

“एकतीस होते, तुला धरून. दोघं वारलेत, दुसऱ्याच आजारांनी. एकाचा पत्ता नाही. सत्तावीस जण येऊन गेले.”

“आणि?”

“सहा जणांत राहिलेलं सापडलं. लहान होतं. किंगांनी फासाने काढलं. वाचले ते.”

“देवाची कृपा,” अपोलोनिया म्हणाली. ती खरंच म्हणाली तसं, टोचून नाही. “म्हणजे मी एकटीच.”

“तू एकटीच.”

बाहेर तिचा नवरा बर्फ खरवडत होता, त्याच्या फावड्याचा आवाज येत होता. मी रडायला लागले. म्हटलं, “त्यांनी माझ्या आईला बघितलं होतं गं, पाच महिने. पेशंट जागे असायचे. विभागप्रमुख होते ते. मी कसं बोलणार होते, तूच सांग.”

अपोलोनियाने माझ्याकडे बघितलं. मुलं सुपातलं बीट ताटाखाली लपवायची, तेव्हा ती त्यांच्याकडे बघायची तसंच.

“खोकायला तोंड उघडत होतीस ना?” ती म्हणाली. “मग त्याच तोंडाने एक शब्द बोलली असतीस तर मेली असतीस का गं?”

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो पांघरुणात ओढून घेतला आणि भिंतीकडे वळली.